तीन पानांवरचा नियम

परभणी, गुरुवार

प्रिय मनिषा,

सप्रेम जयभीम.

तू म्हणशील, रोज जेवताना फोन होतो, मग हे काय नवीन. पण तुझी आई फोन स्पीकरवर ठेवते, मध्येच शेजारच्या सुलाबाई डोकावून तुझ्या लग्नाचं विचारतात, आणि मी 'माझं बरं चाललंय' एवढंच म्हणून फोन परत देतो. या आठवड्यात माझं बरं चाललेलं नाही. ते लिहूनच सांगता येईल असं वाटलं. हाताने लिहायची सवय मोडली आहे, अक्षराला हसू नकोस.

संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाची जी साइट मी सांभाळतो, तिच्यावर घोळ झाला आहे. राणीसावरगावची वैष्णवी नावाची मुलगी आहे. दहावी चांगली झाली, इथल्या कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेशही मिळाला. संस्थेच्या वसतिगृहात तिची निवड झाली होती, पण आपल्या साइटने तिच्या मोबाइलवर 'निवड झालेली नाही' असं दाखवलं. ती आलीच नाही. मुदत संपली, तिची जागा प्रतीक्षेतल्या दुसऱ्या मुलीला गेली आणि वसतिगृह भरलं. रोज जाऊन येऊन करण्यासारखं तिचं गाव जवळ नाही, आणि राहायची सोय नसेल तर वडील तिला पाठवणार नाहीत. कॉलेज येत्या सोमवारी सुरू होतंय. म्हणजे एका मुलीची अकरावी माझ्यामुळे अडून बसली आहे. 'माझ्यामुळे' हा शब्द मी इथे सहज लिहिला. तोंडातून निघायला त्याला फार वेळ लागला.

झालं ते असं. निवडीचा जुना नियम तुला माहीतच आहे : मुलगी घरातलं दहावी पास झालेलं पहिलं लेकरू असेल तर तिला आधी जागा. यंदा संस्थेने तो बदलला. घरातली दहावी पास झालेली पहिली मुलगी, मग थोरला भाऊ शिकलेला असला तरी चालेल. चांगला बदल आहे. भाऊ शिकला म्हणून बहिणीचं शिक्षण झालं असं होत नाही, हे आपण आपल्या भावकीत बघितलंच आहे. मी तो बदल एका दमात करून टाकला. संगणकावर निकाल दाखवणाऱ्या पानात केला, सूचनाफलकासाठी छापायच्या पानात केला, ऑफिसातल्या संगणकावर उघडून तपासला. सगळं बरोबर होतं. मोबाइलच्या पानात तोच नियम तिसऱ्यांदा लिहिलेला आहे, हे माझ्या डोक्यातून गेलं. वैष्णवीचा थोरला भाऊ बजरंग दोन वर्षांमागे दहावी झालेला. त्यामुळे ऑफिसच्या कागदावर ती निवडलेली होती आणि तिच्या हातातल्या फोनवर नव्हती. पुढे बजरंग कसल्याशा कामाला परभणीत आला, सहज संस्थेचा फलक बघायला गेला, तर बहिणीचं नाव तिथे लावलेलं. त्याने फोटो काढून बापाला पाठवला.

आता तुझ्याशी बोलायचं ते अवघड सुरू होतं. तू पुण्याहून शिकून परत आलीस त्या वर्षी, आदिनाथरावांच्या केबिनमध्ये आपण बसलो होतो. ते संस्थेचे सचिव, त्यांना मोबाइलवर नीट दिसेल असं नवीन पान हवं होतं. तू म्हणालीस, आधी नियम पानातून बाहेर काढू या. कोण निवडलं हे सर्व्हरवर एकाच जागी ठरू दे. पानाने फक्त विचारायचं, ही मुलगी निवडली का, आणि उत्तर येईल ते हिरव्या नाहीतर लाल अक्षरात दाखवायचं. पानं मग दोन असोत की दहा. आदिनाथरावांना कळेना, तेव्हा तू त्यांना समजावलंस की पौर्णिमेच्या भोजनदानात पप्पा भाजी वाढतात, पण मीठ किती आणि कुणाला किती हे पप्पा ठरवत नाहीत, ते मागे चुलीपाशी ठरतं. वाढप्यालाच ठरवायला लावलं तर पंगतीच्या या टोकाला एक चव आणि त्या टोकाला दुसरी. ते हसले, त्यांना पटायलाही लागलं होतं. आणि मला राग आला. पिंगळीच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला माणूस मी, साइट लिहायची पीएचपी भाषा शिकलो ती दुसऱ्यांची पानं उघडून बघून बघून. पानाच्या मधोमध नियम लिहायचा, लगेच दिसायचा, माझं सगळं काम तसंच. ते चुकीचं आहे असं माझी मुलगी माझ्या गिऱ्हाइकासमोर सांगत होती. मी म्हणालो, 'पुण्याची पुस्तकं पुण्यात ठेव. आहे ते पान कॉपी कर आणि मोबाइलला बसव.' तू मान खाली घातलीस आणि सांगितलं तसं केलंस.  मला वाटलं, समजलं तिला.

पुढे पुण्याला नोकरीवर निघालीस, तेव्हा स्टेशनवर आई डबा पिशवीत कोंबत होती आणि तू मला म्हणालीस, पप्पा, नियम बदलला तर तिन्ही पानांत बदला. मी म्हणालो, हो हो, पाण्याची बाटली घेतलीस का.

वाढप्याचं तू बोललीस ते मला त्या दिवशी लागलं, त्याचं आणखी एक कारण होतं, ते तुला कधी सांगितलेलं नाही. मी लहान असताना गावातल्या एका लग्नात आम्हाला शेवटी, बाजूला बसवलं होतं. वाढणारा आमच्यापर्यंत आला की त्याचा हात आखडायचा. तोंड बघून वाढत होता. तुझे आजोबा अर्ध्या जेवणावरून उठले आणि माझा हात धरून मला घरी घेऊन आले. मी उपाशीच होतो, म्हणून त्यांच्यावरच चिडलो होतो. असलं काही आपल्या हातून कुणाला होऊ नये, असं वंदनेला बसलो की मी मनात म्हणत आलो आहे. आणि माझ्या साइटने नेमकं तेच केलं. संगणक असणाऱ्याला एक उत्तर, मोबाइलवर बघणाऱ्याला दुसरं. राणीसावरगावात संगणक कुणाच्या घरात आहे? ज्यांच्यासाठी नियम बदलला, त्यांच्यापर्यंतच तो पोचला नाही.

सोमवारी संस्थेत बैठक झाली. वैष्णवीचे वडील लिंबाजी, थोडी कोरडवाहू जमीन असलेला माणूस, फोन हातात धरून दारापाशीच उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. एका हातात फोन, दुसऱ्या हातात बजरंगने काढलेल्या फोटोची छापील प्रत. त्यांचा प्रश्न सरळ होता. कागदावर हाय आन् फोनवर न्हाई, हे कसं. आदिनाथराव माझ्याकडे वळले. मोबाइलचं पान कुणी केलं होतं, म्हणाले.

मी म्हणालो, 'मनिषानं.'

एवढंच. ते खोटं नाही बघ. पान तूच केलं होतंस. आदिनाथराव लिंबाजींना म्हणाले, सरांची पोरगी होती, तेव्हा नवीन होती, चूक झाली असेल. आणि मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत राहिलो. नंतर सगळे चहा प्यायले. मीही प्यायलो. जागा आता नाही, पुढच्या वर्षी बघू, असं ठरलं आणि लिंबाजी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे पंचशील म्हणायला बसलो. तीन शीलं म्हटली, चौथ्याशी थांबलो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याचं. मी मनाशी हुज्जत घालत होतो की शब्द तर खरा होता. खऱ्या शब्दाने खोटं सांगता येतं, हे माझ्या वयाच्या माणसाला माहीत नसतं असं थोडंच आहे. मला ते म्हणता येईना. तुझ्या आईने स्वयंपाकघरातून विचारलं, आज कामून थांबलाव. मग तिला सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, 'पोरीनं तिथं जाऊन तुमचं नाव मोठं केलंय. ऑफिसात सांगती, कोडिंग मला पप्पानं शिकवलं.' आणि पोळ्या लाटायला लागली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी राणीसावरगावला गेलो. गंगाखेडपर्यंत बसने, पुढे जीपने. लिंबाजी घरीच होते. बाजेवर बसवलं, पाणी दिलं, मग म्हणाले, तुमच्या लेकीनं मुद्दाम थोडंच केलं असंल, जाऊ द्या. माझी समजूत काढायला लागले होते ते. मी म्हणालो, 'लेकीनं नाही. मी केलं. तिनं मला आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.'  लिंबाजींनी विचारलं, 'मंग लेकीचं नाव कामून घेतलं तुमी?'

मनिषा, तो प्रश्न मी इथे तसाच लिहून ठेवतो. 

वैष्णवी चौकटीला टेकून उभी होती. तुझ्यापेक्षा उंच आहे, बोलायला मात्र हळू. निकाल बघितला त्या दिवशी ती कुणाला काही न बोलता शेतात निंदायला गेली, असं तिच्या आईने, चतुराबाईंनी सांगितलं. तिला वाटलं गुण कमी पडले. पडले नव्हते हे कळल्यावर मग रडली.

बुधवारी परत आदिनाथरावांकडे गेलो. म्हणालो, चूक माझी आहे, मनिषाची नाही. त्यांनी हात झटकला. 'अहो सर, तुमच्या घरातलंच की. बापानं केलं काय आन् लेकीनं केलं काय, एकच.' एकच नाही, म्हणालो. बैठकीच्या इतिवृत्तात तसं लिहा, नाहीतर मी साइटचं काम सोडतो. ते जरा चकित झाले, पण लिहिलं. तुझ्या पदरात त्याने काय पडलं, मला माहीत नाही. नियमही आता तिन्ही पानांतून काढून सर्व्हरवर एका फाइलमध्ये ठेवला आहे. पानं हलकी झाली. इतकी सोपी गोष्ट होती, आणि मी ती एवढी वर्षं तुझ्याकडून घ्यायला तयार नव्हतो. सवड मिळाली की एकदा उघडून बघ. मुळातच काही चुकलं असेल तर सांग. पण त्यासाठी हे पत्र नाही.

राणीसावरगावहून निघता निघता मी त्यांना म्हणालो होतो की जागा मिळेपर्यंत वैष्णवीला आमच्या घरी राहू द्या. तुझ्या आईनेच मला निघताना हे सुचवलं होतं. लिंबाजी जमिनीकडे बघायला लागले. मी म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत, ते आधीच सांगून ठेवतो. भावकी काय म्हनंल, असं ते पुटपुटले. त्यावर चतुराबाई आतूनच म्हणाल्या, 'भावकी शिकवती का तिला?' आणि बाहेर येऊन मला एवढंच विचारलं की तिला अभ्यासाला शांत जागा हाय का. मी म्हणालो, आहे, माझ्या मुलीची खोली आहे, टेबल आहे, खिडकी आहे. तेव्हा वैष्णवी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, 'ताईला चालंल का?' चालेल की, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तू नाही म्हणणार नाहीस हेही मला माहीत होतं. पण तुझं नाव घेऊन मी एकदा बोललो होतो, त्याला दोन दिवसही झाले नव्हते. मी तिला म्हणालो, विचारून सांगतो. फोनवर विचारलं तर तू लगेच 'हो पप्पा, असू द्या पप्पा' म्हणशील आणि मला मोकळं करशील, म्हणून हे लिहिलं. उद्या सकाळी गावचा एक पोरगा पुण्याला निघालाय, संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात देईल. खोली तुझी आहे. तुझी पुस्तकं, कपाट, भिंतीवरची चित्रं, सगळं तू ठेवून गेलीस तसंच आहे. नको वाटलं तर नको म्हण. आम्ही समोरच्या खोलीत तिची सोय करू, आणि कारण विचारणार नाही. पण हो किंवा नाही, ते तू सांग. मी ठरवलेलं नाही.

तुझाच,
पप्पा