खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर

बाबा, गेल्या शुक्रवारी जनाबियात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. तिथे तुमच्या साहेबांची मुलगी भेटली. तुम्ही असता तर तसाच गाडी काढून तुमच्याकडे आलो असतो.

साहेबांचं ते छोटं रिव्हॉल्व्हर मला अजून दिसतं. इथे आखातात, अस्करच्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्मेल्टरमधल्या फिटरच्या ड्यूटीला सुट्टी असली की तुम्ही त्यांच्या जुन्या बंदुका साफ करायला जायचात, एकदा मलाही नेलंत. तळहातात मावेल एवढं ते, चाप दुमडून आत जाणारा. साहेब हौसेने सांगत होते, एकोणिसाव्या शतकात विलायतेत याची नुसती चलती होती. रस्ते अंधारे, पोलीस थोडे. दुकानदार, डॉक्टर, प्रवासी, सगळे कोटाच्या खिशात ठेवायचे. फिरत्या चक्राच्या प्रत्येक घरात बंदुकीची दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. तिच्यावर घोडा आपटला की बार. "मोठी बंदूक लोकांना दिसते. ही दिसत नाही, म्हणून खपली," साहेब म्हणाले. चहा घेऊन आलेल्या त्यांच्या मॅडम हसल्या, "बहुतेकांनी ती कधी उडवलीही नसेल." परतताना तुम्ही गाडीत म्हणालात, "किती माणसं घाबरून जगत असतील रे तेव्हा."

त्याच वर्षी मॅडम वारल्या. इतकी वर्षं मोडकंच भिंतीवर टांगलेलं ते रिव्हॉल्व्हर साहेबांना अचानक चालू करून हवं झालं. त्यांनी मोडकी स्प्रिंग तुमच्या हातात ठेवली आणि टोप्या कुठे मिळतील, हेही विचारलं. अरादच्या आपल्या घरी येऊन तुम्ही हे सांगितलंत, तेव्हा आईचा हात कणकेतच थांबला. "टोप्या? एकट्या माणसाला आता कशाला?"

नवी स्प्रिंग तुम्ही लगेच बनवलीत आणि चहाच्या डब्यामागे ठेवून दिलीत. दर शुक्रवारी जनाबियाला जायचात, "नहीं बना साहब, अगले हफ्ते, इंशाल्ला" म्हणायचात आणि आईने दिलेलं त्यांना समोर बसून खायला लावायचात. "पण बाबा, स्प्रिंग तर झालीये!" मी एकदा म्हणालो. "यात तोंड घालायचं नाही!" तुम्ही एवढ्याने ओरडलात की मी रडायला लागलो.

मग एका दुपारी साहेबच दारात. आत आले नाहीत. "मी लहान मूल आहे का? स्प्रिंग दे." तुम्ही दिलीत. "खलास. आता येऊ नकोस," म्हणून ते गेले. काही आठवड्यांनी ते वारल्याचं कळलं. कशाने, ते कुणी सांगेना. त्यांच्या बंगल्यांच्या कंपाउंडचा वॉचमन नुसता "मफी मालूम", माहीत नाही, एवढंच म्हणाला. त्यानंतर तुम्ही घरी कधी अवजारांना हात लावला नाहीत. शेवटच्या आजारातही, मी पाय चेपत असताना, मध्येच विचारलंत, "सरळ बसवून विचारायला हवं होतं का रे त्यांना?"

त्यांची मुलगी म्हणाली, हार्ट अटॅक, झोपेत. म्हणाली, तुम्ही यायचात म्हणून शुक्रवारी ते दाढी करायचे. फोनवर तिला सांगायचे, "माझा फिटर दर आठवड्याला खोटं बोलतो, आणि त्याला ते अजिबात जमत नाही."

हे तुमच्यापर्यंत पोहोचवायला मला हवं होतं. आता कुठे पाठवू?

हार्ट अटॅक म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, ताटाकडे बघत होती. मी पुढे काही विचारलं नाही. तुम्ही समोर असता, तर तिचं ते ताटाकडे बघणं तेवढं मी तुम्हांला सांगितलं नसतं.