उपाशी कोंबड्याची हद्द

सर, काल तुमचा नियम मी मोडला. चुकून नाही, घाईगडबडीत नाही, चांगली भरल्या सभागृहात उभी राहून, माईक हातात धरून मोडला. माफी मागायला हे लिहीत नाहीये, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाट बघत बसाल. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी स्पर्धेच्या दिवशी कुणी ना कुणी "आज सर असते तर" म्हणून उसासा टाकतंच. काल तो उसासा ऐकला आणि माझी तार सटकली. म्हटलं, सर असते तर त्यांच्याशीही भांडले असते. एकदा भांडलेच आहे की.

तुमच्या त्या स्पर्धेला तेव्हा अख्खं कॉलेज हसायचं. पुण्यात बसून इटलीतल्या दोन गावांची सातआठशे वर्षांपूर्वीची भांडणं उकरून काढायची, आणि तीही मराठीत! एक संघ फ्लॉरेन्सचा, एक सिएनाचा. सकाळी भाषणं, दुपारी तहाचं टेबल. टेबलाच्या मधोमध कुंभारवाड्यातून आणलेला मातीचा काळा कोंबडा. कोंबडा कशाला, ते तुम्ही दरवर्षी तितक्याच चवीने सांगायचात. दोन्ही शहरांमध्ये हद्दीवरून पिढ्यान्‌पिढ्या मारामाऱ्या चालल्या होत्या. शेवटी ठरलं की पहाटे कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघं जिथे भेटतील तिथे हद्द. सिएनाने आपल्या पांढऱ्या कोंबड्याला दाणे घालघालून लाडावलं. फ्लॉरेन्सने आपला काळा कोंबडा अंधारात कोंडून उपाशी ठेवला. तो बिचारा पोटातल्या आगीने मध्यरात्र उलटताच ओरडला, यांचा स्वार निघाला, आणि सिएनाचं कोंबडं डोळे उघडेपर्यंत हा पार त्यांच्या वेशीजवळ येऊन ठेपला. दंतकथाच ती, खरी-खोटी देव जाणे. पण तुमचा वाद तिथून सुरू व्हायचा, की ही हद्द मानायची की नाही. आणि तुमचा एकच नियम होता. शेवटची घंटा होईपर्यंत तहावर दोघांच्या सह्या हव्यात, नाहीतर दोन्ही संघांना शून्य. भांडायला अक्कल लागत नाही, थांबायला लागते, असं तुम्ही म्हणायचात.

मला सिएना दिलंत. का दिलंत ते विचारायची सोय नव्हती, पण वर्गातल्या पेठेतल्या पोरी फ्लॉरेन्सला आणि मी धायरीची सिएनाला, हे काही कोंबडा उडवून ठरलेलं नव्हतं. त्याच सुमारास आमचं गाव महापालिकेत गेलं होतं. रात्री झोपलो तेव्हा गावात होतो, सकाळी उठलो तर शहरात. घरपट्टीचा कागद लगेच आला. नळ आला नाही. धरणाचं पाणी कालव्यातून आमच्या उशापायथ्यावरून शहरात जात होतं आणि आई टँकरपुढे हंडे लावत होती. मी बस बदलत बदलत कॉलेजला यायचे आणि वर्गात एकदा "पाणी येत नाय, टँकर हाय" म्हणाले तर तुम्ही न हसता म्हणालात, "'आहे' म्हणायला जास्त पाणी लागत नाही." सगळा वर्ग हसला. मीही हसले, काय करणार. पण सर, एक सांगू? गोष्टीतल्या सिएनाला निदान शर्यत आहे हे आधी कळवलं तरी होतं.

तहाच्या टेबलावर मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असणार, कारण तुम्ही विसरायच्या जातीचे नव्हतात. समोर फ्लॉरेन्सची मुलगी, वादविवादातली बक्षिसं घरी ठेवायला जागा नसलेली, पण स्वभावाने चांगली. बसल्या बसल्या तिने जगमधलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे सरकवलं. मी पेला तसाच ठेवला. वाद तापत गेला, घसा कोरडा पडला, आवाज चिरकायला लागला, तरी मी पेल्याला बोट लावलं नाही. ती म्हणत होती, ठरलेली अट ती अट, कोंबडा आरवला हे तर खरं ना? आणि मी उभी राहून म्हणाले, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं कोंबडं उपाशी मारलं म्हणून उजाडतही नाही. उजाडण्याआधी निघालेला स्वार आम्ही मोजत नाही." मागून टाळ्या पडल्या. तुम्ही हात वर करून त्या थांबवल्यात आणि म्हणालात, "म्हण झाली. कलम कुठे आहे?"

कलम नव्हतं. सहीही नव्हती. घंटा झाली, मी लेखणीचं टोपण लावून टाकलं. दोन्ही संघांना शून्य. फ्लॉरेन्सची पोरगी रडली, आणि तिचं वाईट मला आजही वाटतं. निकाल सांगून झाल्यावर, सगळे निघायच्या आत, तुम्ही माझ्यापुढचा भरलेला पेला उचलून सभागृहाला दाखवलात. "समोरच्याने दिलेलं पाणीसुद्धा न घेणारा वकील आज प्रथमच पाहिला. तुम्ही मुत्सद्दी होणार नाही बाई. तुम्ही बांधावरच भांडणार."

बांधावरच. तो शब्द घेऊन मी सिंहगड रस्त्याच्या बसमध्ये उभी राहिले, आणि बस वडगावपर्यंत पोचेस्तोवर तुम्हाला मनातल्या मनात असली शेलकी उत्तरं दिली की ऐकली असती तर तुम्ही शिकवणं सोडलं असतंत. एक उत्तर मात्र मनातसुद्धा दिलं नाही, कारण ते उत्तर द्यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ते कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. आमच्या वडिलांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधावरून वाद होता. काका रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. गाईचं विचारायचे, माझ्या मार्कांचं विचारायचे, वडिलांनी चोळलेली तंबाखू घ्यायचे, आणि मग त्या बांधावरून असे कडाडून भांडायचे की शेजारचे कान टवकारायचे. पण पाणी मागायचे नाहीत आणि आई द्यायची नाही. ज्याच्याशी वाद आहे त्याचं पाणी वाद मिटेस्तोवर प्यायचं नाही. प्यायलं की मिटला. चार लोकांत पाणी पिऊन उद्या पुन्हा बांध कोरायला गेलात तर गाव तोंडात शेण घालतं. म्हणून तर काका पीत नव्हते, मनात वाद असताना मिटल्याचं सोंग नको म्हणून. ज्या दिवशी मिटला त्या दिवशी आई स्वयंपाकघराच्या दाराआड तांब्या घेऊन आधीपासून उभी होती, आणि काकांनी आतल्या बाजूला बघून नुसतं म्हटलं, "वहिनी, पाणी आणा." वडील तोंड फिरवून डोळे पुसत होते. तुमच्या कुठल्या तहात एवढं होतं, सांगा बरं. सातआठशे वर्षांपूर्वीच्या इटलीत कोण कुठल्या रंगाचा झगा घालायचं ते तुम्हाला तोंडपाठ होतं, आणि बसने जाता येईल इतक्या जवळच्या धायरीत लोक भांडतात कसे याचा पत्ता नव्हता. पेला वर धरून मला उद्धट ठरवलंत. त्या सभागृहात तहाचा खरा अर्थ कळणारी मी एकटीच होते, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

तरी गंमत बघा, मी इतिहासच घेतला, तुमच्याच विभागात लागले. तुम्ही निवृत्त झालात त्या दिवशी निरोपसमारंभ उरकून माझ्या टेबलाशी आलात, मातीचा काळा कोंबडा वर्तमानपत्रात गुंडाळलेला, तो ठेवलात आणि म्हणालात, "सांभाळा. आणि उपाशी ठेवू नका." एवढंच. हा टोमणा की शाबासकी ते मला कळलं नाही. तुमच्या बाबतीत दोन्हींत फारसा फरकही नसायचा. तेव्हापासून स्पर्धा मी चालवते. तुमच्या नावाने, तुमच्या नियमाने. एक शब्द बदलला नव्हता.

काल सिएनाला एक मुलगी होती, हडपसरच्या पलीकडची. घरच्या शेतावर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि तिथल्याच एका कंपनीत तिचा भाऊ रखवालीला आहे, हे तिने भाषणात एकदाही आणलं नाही. नुसती हद्दीवर बोलली, आणि काय बोलली, सर! इतक्या वर्षांत सिएना असं कुणी मांडलं नव्हतं. यंदा जिंकणारा दिल्लीच्या फेरीला जाणार होता आणि ती जाणार यात कुणाला शंका उरली नव्हती. मग तहाच्या टेबलावर बसली आणि फ्लॉरेन्सच्या मुलाने पुढे केलेली पाण्याची बाटली तिने बाजूला ठेवली.  घंटा जवळ आली, सही नाही. तो मुलगा काकुळतीला आलेला, "सही कर ना यार, गेमच आहे, दोघं झीरोवर जाऊ." ती ढिम्म. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅम, ती पाणीपण घेत नाहीये, सो रूड." माझ्या शेजारी परीक्षक म्हणून तुमचा लाडका विद्यार्थी, आता मोठा प्राध्यापक, त्याने नियमाच्या कागदावर बोट ठेवलं. शून्य.

मी उठून त्या मुलीला विचारलं, पाणी का घेत नाहीस. ती आधी इंग्रजीत काहीतरी सांगायला गेली, मग थांबली. "मॅम, ज्याच्याशी वाद हाय..." आणि जीभ चावून, "सॉरी, वाद आहे, त्याचं पाणी..."

"हायच म्हण," मी म्हणाले.

तिने म्हटलं. पूर्ण वाक्य म्हटलं, माझ्या आईच्या तोंडचं वाटावं असं. मग मी माईक घेतला आणि सांगितलं की तह न होणं हाही एक निकाल असतो. पटलं नसताना केलेल्या सहीपेक्षा न केलेली सही प्रामाणिक, आणि शून्याचा नियम आजपासून रद्द. गुण मुद्द्यांवर. दिल्लीला सिएना जाईल. तुमचा लाडका माझ्या कानाशी येऊन दातओठ खात म्हणाला, ही सरांच्या नावाची स्पर्धा आहे, तुमच्या भावकीची नाही. मी म्हटलं, अहो, फ्लॉरेन्स आणि सिएना म्हणजे दुसरं काय होतं? भावकीच होती. तो चहा न घेताच निघून गेला. तोही बहुधा वाद मिटेस्तोवर घेणार नाही. जाताना ती मुलगी फ्लॉरेन्सच्या पोराला सांगत होती की दिल्लीहून आले की परत बसू, विषय संपलेला नाही. आणि तो चक्क हो म्हणाला. तुमच्या नियमाने सह्या पुष्कळ झाल्या सर, पण परत बसू असं कुणी कुणाला म्हटलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. बांधावर भांडणारे लोक दुसऱ्या दिवशीही बांधावर येतात. तुमच्या टेबलावरचे सही करून घरी जातात.

आता शेवटचं. तुमच्या आजारपणात मी भेटायला आले होते. भर मे महिन्याची दुपार, तुमच्या इमारतीची लिफ्ट बंद, जिने चढून आले तेव्हा जिभेला कोरड पडली होती. तुमची देखभाल करणाऱ्या बाईंनी माझ्यापुढच्या स्टुलावर पाण्याचा पेला आणून ठेवला. तुम्ही उशीला टेकून बसलेले, हाडं उरलेली, पण जीभ शाबूत. पोरांच्या मराठीवर बोललात, माझ्या एका लेखातल्या चुका काढल्यात, आणि बोलता बोलता तुमची नजर त्या पेल्यावर गेली. तशीच राहिली. मग तुम्ही म्हणालात, "म्हणजे सिएना अजून उभं आहे."

आमच्याकडचं हे पाण्याचं तुम्हाला कुणी सांगितलं, कधी कळलं, मला माहीत नाही. मी म्हटलं, "आहे, सर." तुम्ही हसलात की खोकलात तेही समजलं नाही. बाई पेला उचलायला आल्या तेव्हा तुम्ही हातानेच खूण केलीत, राहू दे. मी निघेपर्यंत तो तिथेच होता. तुम्हाला कळलं होतं, तर एक वाक्य बोलायचं होतंत. पोरी, कोंबडा उपाशी होता, एवढं म्हणाला असतात तरी मी पेला तोंडाला लावला असता. तुम्ही म्हणाला नाहीत, मी प्यायले नाही, आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. आज पुन्हा ती दुपार आली तरी मी पिणार नाही. वाद मिटलेला नाही आपला.

हे पाठवायचं कुठे? कोंबडा आतून पोकळ आहे, तळाला भोक आहे, त्यात घडी करून घालते. उपाशी ठेवू नका म्हणाला होतात ना.

पण एक सांगते, सर. त्या दुपारी मला फार तहान लागली होती.