जाय म्हणजे हवी

१२ ऑक्टोबर १९८६, डिचोली

मराठी राजभाषा व्हावी म्हणून काढलेला मोर्चा दणक्यात! कर्णे माझे, माइक माझा, आवाजही माझाच. "आमकां मराठीच जाय!" — अख्खा बाजार घुमला. मराठी पाहिजे हे आपण कोकणीतून ओरडतोय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आत्ता लिहिताना आलं.

१५ ऑक्टोबर

पुण्याचा पेपर आला. मथळा: 'गोव्यात मराठीवाद्यांचीच घोषणा — मराठी जाय!' अरे मेल्यांनो, आमच्याकडे 'जाय' म्हणजे हवी! निघून जा नव्हे!

आमच्या मराठी समितीचे अध्यक्ष भिकाजीबाब पेपर नाचवत माझ्या लाउडस्पीकरच्या दुकानात आले. "कितें केलें रे हें, शंभू! सगळे हांसतात आमकां!" मराठीची लाज गेली म्हणून कोकणीतून झापलं. वर बजावलं, रविवारच्या मोर्च्यात घोषणा शुद्ध, नाहीतर माइक दुसऱ्याचा. मोर्च्यातला माझा आवाज गेला तर गावात मला कोण विचारतो? दुकान काय, कुणीही चालवील.

१७ ऑक्टोबर

वाड्यावरच्या बायकांची शिकवणी घेतली. म्हणा, 'आम्हांला मराठीच हवी!' सगळ्या 'हवी'पाशी अडखळतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. आमची पद्मावती तर ओठच हलवीना. शिकवणाऱ्याची बायकोच मुकी! घरी येऊन तडकलो.

"चुकलें जाल्यार तुमी हांसतले," म्हणाली.

हसतो खरा. मामलेदार कचेरीत, शाळेत, सगळीकडे तिच्या वतीने मीच बोलतो. तिचं दुखणंसुद्धा डॉक्टरला मीच सांगतो. पटकन उरकतं.

१९ ऑक्टोबर

घोषणा शुद्ध. मोर्चा मुका. मी एकटाच बोंबलत होतो. मागे बायका आपल्या बाजारभाव बोलत चालल्या होत्या — कोकणीतून, खणखणीत!

भिकाजीबाब एवढंच म्हणाले, "फुडल्या खेपेक माइक म्हापशाचो." रात्री जेवण गेलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

२३ ऑक्टोबर

कोकणीवाल्यांनी सभेला कर्णे मागितले. दिले. कर्ण्याला कुठली आलीय भाषा? पद्मावतीने विचारलं, "सभा खंय?" म्हटलं, बाजारात, तुला काय करायचंय?

२६ ऑक्टोबर

दुकानात बसून त्यांची सभा ऐकली. एक बाई बोलत होती. काय बोलत होती! कुठे अडखळणं नाही. कोण ही, म्हणून शेजाऱ्याला विचारणार होतो, तोच आवाज ओळखला.

पद्मावती! इतक्या वर्षांच्या संसारात तिचा आवाज एवढा मोठा कधी ऐकलाच नव्हता.