लेख अडलाय तो कॉम्प्युटरमुळे

३ तारीख, सकाळी ८
पाणीपुरवठा खात्याची स्मरणिका निघतेय. संपादक, मी हेडक्लार्क असतानाचा आमचाच टायपिस्ट. फोनवर म्हणाला, साहेब, आठवणी लिहा, वीसपर्यंत द्या. संकल्प : रोज पाच पानं. हिलाही विचारलंय म्हणे. ही तिथेच टेलिफोन ऑपरेटर होती. लिहायची सवय नाही बिचारीला. मदत करीन.

४, सकाळी
कॉम्प्युटर लावला. अंघोळ करून आलो, गोल गोल फिरतंय. दाढी केली, तरी फिरतंय. अशा यंत्रावर लेखन होत नसतं. ही म्हणाली, कागदावर लिहा.

७
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, नवा घेऊ नका. बाहेरून लावायचा एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, आणा, सगळी सिस्टिम त्यावर उतरवा आणि तिथूनच सुरू करा. मला हे सुचलंच होतं.

९
एसएसडी आणला. काडेपेटीएवढा. बाकीचा भाग कुठंय, असं दुकानदाराला दोनदा विचारलं.

१०, दुपार
मुलीनं सांगितलं तसं कॉपी करायला लावलं. उरलेला वेळ : चार तास. मग अकरा. मग दोन मिनिटं. मग एकोणीस तास. लेखाचं शीर्षक मात्र तयार : 'मी आणि पाणी'.

११
अठ्ठ्याण्णव टक्के झालं आणि हिनं केर काढला. केबल निघाली. मी एक शब्द बोललो नाही.
(बोललो. जेवण माझं मीच वाढून घेतलं.)

१३
पुन्हा केलं, झालं! पण आधीपेक्षा हळू. मुलगी म्हणाली, पुढे लावलंय ना? मागच्या निळ्या पोर्टला लावा. टेबलाखाली शिरलो. कंबर धरली. हिनं येऊन लावलं, मग मला बाहेर काढलं.

१४
अठरा सेकंद! सहा वेळा बंद करून लावला. मेव्हण्याला फोनवरून मोजायला लावलं. लेख उद्या.

१६
अठरा सेकंदांत कोरं पान समोर. इतक्या लवकर येईल याची मनाची तयारी नव्हती. फॉन्ट निवडला. शीर्षक अधोरेखित केलं. डोळे चुरचुरले. मॉनिटर जुना आहे, हे आधी कसं लक्षात आलं नाही?

१८
दुपारी मी पडलो की ही कॉम्प्युटरवर बसते. किराण्याची यादी असेल. असू दे. एवढा वेग मी एकटा कुठे वापरणार?

२०
टायपिस्टला कळवलं, मॉनिटरमुळे अडलंय. म्हणाला, साहेब, अजिबात धावपळ करू नका. बाईंचा लेख आलाय. नऊ पानं. आता जागाच नाही.

२१
हिचा लेख वाचला. सगळे आहेत त्यात. शिपाई, व्हॉल्व्ह फिरवणारा, पहाटे तक्रार करणाऱ्या आजी. मी सहाव्या पानावर, एका वाक्यात : 'हेडक्लार्कसाहेबांचा फोन कायम एंगेज लागे, कारण कामाला सुरुवात कशी करावी याचा विचार करताना ते रिसीव्हर काढून ठेवत.'
हिनं विचारलं, काही चुकलंय का?
बघून सांगतो म्हटलं. तीनदा वाचलं.
एक स्वल्पविराम सुचवला.