कबरींभोवतीची करडई

आबा,

"हायेत तेवढ्या राहतील, नवी एकबी व्हनार न्हाई." रान घेताना तुम्ही एवढंच बोलला होता. विकणारा बांधावर उभा होता, त्याची बहीण पदर तोंडाशी धरून त्याच्या मागे, आणि मी तुमच्या मागे. समोर त्यांच्या घरच्या सात कबरी होत्या. दगड कलंडलेले, फटींतून तरवड उगवलेला. सातवी इतकी आखूड होती की मला आधी ती कबर वाटलीच नाही. कोणी पाटा टाकून गेलं असेल असं वाटलं. त्या माणसाला हैदराबादेत काम मिळालं होतं, परतूरहून गाडी गाठायची होती, आणि कबरींच्या रानाला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. "पाटील, जुन्या राहू दिल्या तरी बस झालं," तो म्हणाला.  त्याची बहीण याच गावात दिलेली होती, तिला कुठे जायचं नव्हतं. ती फक्त त्या आखूड कबरीकडे बघत होती. पुढे मी तिला खाला म्हणू लागले, आणि त्या आखूड कबरीत तिची तान्ही लेक आहे, ती बाळंतपणाला माहेरी आली असताना गेलेली, हे तिनंच मला सांगितलं.

त्या दिवशी घरी काय झालं तेही मला स्वच्छ आठवतं. माय चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही जेवायला बसला आहात, आणि मी भिंतीला टेकून उभी आहे. पंधरा वर्षांची, लग्न होऊन, नवरा जाऊन, परत आलेली. माय म्हणाली, "पोरीचं कपाळ आधीच पांढरं, आन् तिच्या नावानं मढ्यांचं रान घेता? दुनियेत दुसरी जमीन न्हाई का?" तुम्ही घास गिळला, पाणी प्यालात, मग म्हणालात, "हाय की. पर ती तिच्याजवळ राहू कोन दील? मढी तरास देत न्हाईत. भाऊबंद देतात." मायनं भाकरी तव्यावर टाकली ती जरा जोरातच टाकली. मला तेव्हा वाटलं, स्वस्त मिळालं म्हणून तुम्ही काहीतरी बोलत आहात. कोणाला नको असलेलं रान कोणाला नको असलेल्या मुलीला, असंही वाटलं. ते मी बोलले नाही.

तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत तुमच्या पुतण्यांनी विहीर वाटून घेतली, आंबा वाटून घेतला, गोठ्याचे वासे मोजून घेतले. माझ्या रानाकडे कोणी मान वळवून पाहिलं नाही. तिथं बैल बिचकतात, असं ते लोकांना सांगत. बैल बिचकत नव्हते. मी रोज पाहत होते. पण मी कधी खोडून काढलं नाही. वीस वर्षं ते सातजण माझ्या रानाची राखण करत पडून आहेत, मजुरी न घेता.

रानाची राखण त्यांची आणि त्यांची राखण तुमची. रब्बीच्या पेरणीत तुमचा पहिला मान कबरींना असे. ज्वारीच्या आधी करडई, कबरींभोवती तिफणीचा एक फेरा, तीन ओळी. करडई काटेरी होते आणि गुरं आत शिरत नाहीत, एवढाच त्यातला हिशेब. पण एरवी बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे तुम्ही त्या फेऱ्यात तोंडातून शब्द काढत नव्हता. कोपऱ्यावर तिफण उचलून धरायचात, आखूड कबरीपाशी तर दोन हात लांबूनच वळवायचात. त्या तीन ओळींची करडई वेगळी काढायची, घाण्यावर वेगळी गाळून आणायची, आणि ते तेल कोनाड्यातल्या वेगळ्या बरणीत ठेवायचं. दर जुमेरातीला, म्हणजे आपल्या गुरुवारी, खाला यायची, बरणीतलं तेल घ्यायची आणि सांजेला कबरींवर दिवे लावून जायची.

एका श्रावणात पाहुणे आले, घरातलं तेल संपलं होतं, आणि मायनं कोनाड्यातली बरणी काढून भजी तळली. तुम्ही एक भजं तोंडात टाकलंत, मायला विचारलंत, आणि ताटावरून उठलात. ओरडला नाहीत. पाहुण्यांसमोर एवढंच म्हणालात, "काट्याचं पीक त्यायच्या राखणीला, तर तेलबी त्यायचंच. ते आपलं न्हाई." दुसऱ्या दिवशी तेल्याकडून विकतचं तेल आणून बरणी गळ्यापर्यंत भरलीत. माय आठवडाभर अबोल होती. जुमेरातीला खाला आली तेव्हा मायनंच तिला रडवेल्या तोंडानं सगळं सांगितलं. खाला आधी ऐकत राहिली, मग पदर तोंडात कोंबून हसायला लागली. "भाभी, मंग काय झालं? माझ्या मायनं तुमाला भजी खाऊ घातली म्हना! जित्तेपनी तिनं कोनाला चाय न्हाई पाजली." मायही हसली. तुम्ही ओसरीवर होतात. तुम्ही हसला नाहीत, पण पाठ हलताना मी पाहिली.

नवी कबर का नको, हे मी तुम्हाला एकदा खुरपताना विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "नवी कबर आली की मागून पाऊलवाट येती. पाऊलवाटंमागं हक्क येतो. आन् हक्कापुढं बाईमानसाचं रान टिकत न्हाई." म्हणजे ती अटही माझ्याचसाठी होती. शेवटच्या दिवसांत, बोलणं तुटक झालं होतं तेव्हा, तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "फेरा चुकवू नको." दुसरं काही म्हणाला नाहीत. मी फेरा चुकवलेला नाही. यंदाही करडई गुडघ्याला लागते आहे, अजून फूल नाही.

यंदा हैदराबादचं राज्य गेलं. गावात काय काय झालं ते तुम्हाला सांगत बसत नाही. खालाच्या गल्लीतली निम्मी घरं बंद आहेत. भाच्यानं तिला हैदराबादला ये म्हणून निरोप पाठवला. तिनं उलट निरोप धाडला, लेकीला कोणाच्या हवाली करू? इकडे तुमचा थोरला पुतण्या माझ्या ओसरीवर येऊन बसला. "आक्का," म्हणाला, आणि त्याच्या तोंडून मी आक्का पहिल्यांदाच ऐकलं, "आता कोन इचारतंय? माझी बैलं आनतो, एका दिसात सारं सपाट करून देतो. पैसाबी नको." सपाट झालेलं रान त्याला किती लवकर आवडू लागेल, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "आबांना इचारून सांगते." तो चहा तसाच टाकून गेला.

आणि मग ही गेली जुमेरात. खाला आता कमरेत वाकली आहे. दिवा ठेवायला मला तिचा दंड धरावा लागतो. दिवे लावून झाल्यावर ती बांधावर बसली आणि म्हणाली, "पोरी, मी आता जास्ती दिवस न्हाई. लहानीच्या उशाला एक जागा हाय. बराबर एकीची."  ती पुढे म्हणाली, "गावच्या कबरस्तानात जागा हाय मला, न्हाई असं न्हाई. पर तिथं माझं कोन हाय? तुझ्या बापाची जबान हाय, ते मालूम हाय मला. मी तवा भावाच्या मागंच उभी व्हते. तू न्हाई म्हनलीस तरी मी दिवे लावायला येतच राहीन."

मी म्हटलं, "आबा जाताना बोलले होते. खालानं जागा मागितली तर न्हाई म्हणू नको म्हणून."

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. "खरंच बोलले?"

"खरंच."

"आन् एवढी वर्सं सांगितलं न्हाईस?"

"तू मागितली कुठं होतीस?"

ती हसली. भज्यांच्या वेळी हसली होती तशीच, पदर तोंडात कोंबून. "बडा जिद्दी आदमी. म्हंजे मरताना नरम झाला म्हनायचं."

तर आबा, असं आहे. हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून सरळ लिहिते. तुम्ही नरम झाला नव्हता. अट माझ्यासाठी होती तेव्हा ती मीच मोडली तर चालेल, असं मी मनाशी धरलं आहे. पाऊलवाट येईल तर येऊ दे. त्या वाटेवरून चालणारं कोणी उरलेलं नाही. तुमच्या पुतण्याची नजर मात्र आहे, आणि एक ताजी कबर त्याला जुन्या सातांहून जास्त दिवस लांब ठेवील, हा हिशेबही मी केला आहे. तुमचीच मुलगी आहे. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते एवढ्याचंच, की मी माझा होकार माझा म्हणून दिला नाही. माझ्या शब्दावर ती निजली नसती. तुमच्या शब्दावर निजेल.

मेल्यावर तिची वाट आणि तुमची वाट एकच असते की वेगळी, मला ठाऊक नाही. पण ती हिंडून हिंडून तुम्हाला गाठेल आणि आधी हेच विचारील, पाटील, खरंच बोलला होता का? तुम्ही आयुष्यात कोणासाठी खोटं बोलला नाहीत, माझ्यासाठीही नाही, आणि आता बोलाल असं मला वाटत नाही. तरी मागते. तिनं विचारलं, तर हो म्हणा.