तिसरी टिकली

२ नोव्हेंबर, रविवार

सांडोरला राहायला आलो. खोली छान आहे, असं लिहून टाकतो, कारण आज मी खुशीत आहे. बाकी दरवाजा चौकटीत घासतो, ओटा डावीकडे उतरतो आणि बाथरूमच्या फरशा ज्याने बसवल्या त्याला डोळे होते का, अशी शंका येते. मालकीण पॉलिन आंटी साठीच्या, गोल आणि बोलक्या. स्वागताला त्यांनी घरच्या केळ्यांची सुकेळी दिली. एका टोकाला चिवट, दुसऱ्या टोकाला ओली. वाळवण एकसारखं झालेलं नाही, असं मी सांगितलं, तर हसून म्हणाल्या की खाणाऱ्याने बरी बाजू आधी खावी. अशा लाडांमुळेच या देशात काही धड बनत नाही.

मागे केळीची वाडी आहे, पुढे अंगणात पांढरा क्रूस. क्रूस जरासा कललाय. हे मात्र बोललो नाही, पहिल्याच दिवशी बिऱ्हाड उचलायला लावलं असतं.

उद्यापासून सातिवलीच्या कारखान्यात क्वालिटी इनचार्ज. आणि शनिवारी गिटार येणार! इलेक्ट्रिक, काळीभोर. एक्केचाळिसाव्या वर्षी माणसाने एवढं खूश व्हावं का? मी झालोय.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कारखान्यात पाण्याच्या पाइपांचे व्हॉल्व्ह बनतात. माझ्या आधीचा इनचार्ज बहुधा वास घेऊन माल पास करत असावा. एक पद्धत मात्र मला आवडली. दोष दिसला की त्या जागी लाल गोल स्टिकर लावायचा. सगळे त्याला टिकली म्हणतात. तीन टिकल्या लागलेला नग त्याच दिवशी नरहरीच्या कटरखाली जातो आणि त्याचे दोन तुकडे होतात, म्हणजे तो चुकूनही चांगल्या मालात मिसळत नाही. कटर सुरू होताना आधी बारीक शीळ येते, मग ती चढत जाते.

नरहरी रिटायर व्हायला आलेला, सदा तोंडात सुपारी. तिसरी टिकली लावताना साहेबांचा हात अडत नाही का, असं त्याने मला विचारलं. हात अडायला तो काय माझा मेहुणा आहे? आज चौदा नग कापायला लावले.

टिकल्यांचा एक रोल घरी आणला. शनिवारसाठी.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गिटार भिवंडीच्या गोदामात पोचली. दिवसभरात नऊ वेळा फोन उघडून पाहिलं. तयारी झाली आहे: टेबलावर पांढरी चादर, टॉर्च, भिंग, मऊ फडकं, स्टीलची पट्टी आणि माझं फीलर गेज. गेज म्हणजे पातळ पत्त्यांचा जुडगा. तार आणि गिटारच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी, म्हणजे फ्रेट, यांच्यातली फट किती, ते पत्ती सरकवून कळतं. केसाएवढा फरकही सुटत नाही.

संध्याकाळी आंटींचे यजमान, आग्नेल अंकल, डोकावले. चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला, आता दम्याने बसवलंय. चादर बघून त्यांनी विचारलं, कुणाचं ऑपरेशन आहे का. मी गिटारचं सांगितल्यावर म्हातारा एकदम गंभीर झाला. म्हणाले की त्यांच्या बँडवाल्यांत एक रीत आहे. नवं वाद्य घरात आलं की आधी ते वाजवायचं, कसंही, वेडंवाकडं चालेल, एक सूर तरी. मगच ते पुसायचं, बघायचं. आधी वाजव, मग बघ. त्यांच्या घरात एकदा कुणीतरी उलटं केलं होतं, त्याचं काय झालं ते सांगायला गेले आणि खोकला आला.

या रीतीमुळेच यांचा बँड वरातीत तसा वाजत असणार. मी काय वाजवतो, असंही त्यांनी विचारलं. सगळंच थोडंथोडं, असं मी म्हटलं.

याआधी मी तीन गिटार मागवल्या होत्या. तिन्ही परत केल्या. तिन्हींत दोष होते.

८ नोव्हेंबर, शनिवार

आली!

दुपारी साडेबाराला खोका आला. खोक्याचा एक कोपरा दबलेला, त्याचा फोटो काढला. आंटी आणि अंकल बघायला आले, नको म्हणायची सोय नव्हती. झाकण उघडलं, फोम बाजूला केला आणि खरं सांगतो, क्षणभर मला तपासायचं सुचलंच नाही. काळा रंग असा की त्यात खिडकीतली केळ दिसत होती. लाकडाचा आणि नव्या तारांचा वास.

अंकल म्हणाले, आता एक सूर. आंटीपण म्हणाल्या, नुसती छेड, आमी कोनाला सांगत नाय.

मी टॉर्च लावला.

दीड तास लागला. तोवर दोघं तिथेच बसून होते. मानेच्या मागच्या बाजूला नखाएवढा ओरखडा सापडला. टिकली. तिसऱ्या फ्रेटची पट्टी एका बाजूने उचललेली. दुसरी टिकली. तिसरा दोष सापडला की आजच परतीची नोंद करायची, असं मी मोठ्याने म्हणालो. यांनाही कळू दे की काम कसं करतात.

अंकल उठले. दारात थांबून म्हणाले, “पहिल्या दिवशी आपण वाद्याला शिकवतो, अनुज. तू तिला खोट काढायला शिकवलंस.”

ट्रम्पेटवाल्याचं तत्त्वज्ञान.

९ नोव्हेंबर, रविवार

गिटारच्या मानेवरची टिकली दिसत नाही. या टिकल्यांचा गोंद व्हॉल्व्हच्या तेलातही सुटत नाही. टेबलाखाली, चादरीत, सगळीकडे पाहिलं.

आणखी एक. मागचा ओरखडाही दिसत नाही. भिंग लावून पाहिलं, बोट फिरवलं. गुळगुळीत. काल डाग असेल, पुसला गेला असेल. पण मी डागाला ओरखडा म्हणत नाही. वीस वर्षांत म्हटलेलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कारखान्यात नरहरी मागून आला आणि हसत म्हणाला, “साहेब, तुमाला कोनी रिजेक्ट केला?” माझ्या मानेच्या मागे लाल टिकली होती. म्हणजे काल झोपताना चिकटली असणार. काढली. खाली आग होत होती. फोनवर फोटो काढून पाहिला.

ओरखडा. नखाएवढा.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुसरी टिकली डाव्या हाताच्या तिसऱ्या बोटावर. सकाळी उठलो तेव्हा होती. बोट एका बाजूने उचललेलं राहतं, पूर्ण मिटत नाही. डॉक्टर म्हणाले, थंडीने आखडलं असेल. हा डॉक्टर माझ्या हाताखाली असता तर एक दिवस टिकला नसता.

गिटारच्या तिसऱ्या फ्रेटला गेज लावलं. पट्टी सपाट. पत्ती कुठेच शिरत नाही.

आता ती बिनदोष आहे. इतका बिनदोष नग मी आयुष्यात पाहिलेला नाही. मला तिचा राग येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी कामावरून आलो, जरा पडलो. मानेवर काहीतरी थंड सरकलं. पातळ. स्टीलचं. आधी एक, मग त्याहून पातळ, मग त्याहूनही. डोळे उघडायचं धाडस झालं नाही. मी व्हॉल्व्हला अगदी असंच करतो, जाडपासून पातळकडे.

नंतर पाहिलं. गेज कपाटात कुलपात ठेवलं होतं. ते उशीपाशी होतं. सर्वांत पातळ पत्ती उघडलेली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परतीची नोंद करायला बसलो. दोष कोणता, ते लिहावं लागतं. काय लिहू? दोष नाही. खोटा दोष लिहायला हात धजेना. आजवर कुणाला खोटी टिकली लावलेली नाही, तेवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे.

मग ती खोक्यात बंद केली आणि खोलीला कुलूप लावून कामावर गेलो. संध्याकाळी आलो तर चादरीवर होती. टॉर्च तिच्या शेजारी. लागलेला. माझ्या खुर्चीकडे तोंड करून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कामावर गेलो नाही. अंकलकडे गेलो. मान खाली घालून, हेही लिहितो. म्हाताऱ्याने ओरखडा पाहिला, बोट पाहिलं. हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, तिसरी लागलेली नाही ना? आज जाऊन एक सूर वाजव. वाईट वाजव. जितका वाईट तितका चांगला, म्हणजे तिला कळेल की वाईटसुद्धा चालतं.

मी त्यांना सांगितलं. इतक्या वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाजवता येत नाही. एक सूरही नाही. त्या तिन्ही गिटार मी कधी छेडल्याच नाहीत. छेडलं असतं तर ऐकू आलं असतं, मी कसा वाजवतो ते. त्यापेक्षा भिंग बरं. भिंगातून मला फक्त समोरच्याची खोट दिसायची.

आंटींनी पुन्हा सुकेळी दिली. खाल्ली. कशी होती ते लिहीत नाही.

घरी आलो. तिच्यासमोर बसलो. हात पुढे गेला नाही. उद्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी — रोलवरची एक टिकली अर्धी सुटलेली. कागदाला टोकानेच धरून. कुणीतरी लावायला काढून ठेवावी तशी. रोल तिच्या शेजारी.

अंगभर शोधलं. आरशात, फोनमध्ये, पाठ, तळपाय. नाही. अजून लागलेली नाही. म्हणजे ती तिसरा दोष शोधतेय.

दुपार

शीळ येतेय. बारीक. वायर लावलेली नाही, अ‍ॅम्प्लिफायर तर खोक्यातच आहे. सातिवली इथून कुठल्या कुठे — पण ओळखतो मी ही शीळ. कटर सुरू होतानाची आहे. अजून चढलेली नाही.

अंकल दाराबाहेर आहेत. दार उघडत नाही — माझ्याकडूनही नाही. ओरडून सांगतायत, वाजव, अनुज, कसंही वाजव. म्हाताऱ्याला वाटतं मी बहिरा —

बरं. घेतली मांडीवर. वजन छान आहे. किती छान आहे! उजवा हात तारांवर ठेवून पाहिला. बोट मिटत नाही, न मिटो. बेसूर तर बेसूर. घाबरलोय मी, खूप, आणि वाजवणार आहे.

शीळ थांबली. वाट बघतेय.

आता वही बाजूला ठेवतो. एकच सूर. कसाही. फक्त चौथी तार जरा उतरलेली वाटते, तेवढी आधी तपासून —