सूर्यभानचा स्पंज

८ नोव्हेंबर १९७२
निश्चय! सूर्यभानच्या वर्षश्राद्धाच्या आत त्याच्या स्पंजाला नाव द्यायचं. त्याच्या बायकोला, विजयमालावहिनींना, तसा शब्द दिलाय. कॉलेजच्या सहलीत रामेश्वरजवळच्या मंडपमच्या समुद्रातून माझ्या या दोस्तानं हा अंगठ्याएवढा पांढरा स्पंज वर आणला. एकच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरला, तो वर आलाच नाही. पाथर्डीचा माणूस, पोहायला शिकलेला विहिरीत. नवी जात निघाली तर नाव सूर्यभानचं, आणि रिवाजाप्रमाणे त्यापुढं नाव देणाऱ्याचं, म्हणजे माझं. नगरमध्ये इतकी वर्षं झूऑलॉजी शिकवतोय, एक स्पंज ओळखायचा म्हणजे काय मोठंसं!

११ नोव्हेंबर
लॅबमध्ये नळ टपटपतो. शिपाई सहादेव म्हणतो, सायेब, दुष्काळानं नळाला दसऱ्यापासून थेंब न्हाई, मग टपटप कशाची? हवेची, म्हटलं. भूतबीत मी मानत नाही. टेबल मात्र दाराजवळ ओढून घेतलं. तिथं उजेड बरा.

१८ नोव्हेंबर
श्रीगणेशा. स्पंजाच्या अंगात बारीक काटे असतात, त्यावरून जात ठरते. तुकडा नायट्रिक ॲसिडात उकळायचा, मांस जातं, काटे राहतात. उकळला. झकास फसफसला. स्लाइडवर काटा एकही नाही. सहादेव काचा नीट पुसत नाही.

२५ नोव्हेंबर
मोठा तुकडा घेतला. काटे नाहीत. अरे, म्हणजे बिनकाट्याचा स्पंज! घरी पेढे नेले. हिनं विचारलं, कशाचे? म्हटलं, अजून गुप्त आहे.
लॅब बंद करताना खाऱ्या पाण्याचा वास आला. ओल्या कपड्यांनी कुणीतरी मागं उभं आहे असं वाटलं. ॲसिडिटी. चाललंय रे सूर्या, घाई करू नको, असं म्हणालो. स्वतःशीच.

९ डिसेंबर
शास्त्राला खात्री लागते. उरलेला सगळा उकळला. काही नाही! सिद्ध झालं. बाटलीत आता नुसतं स्पिरिट.
टपटप थांबली. नळ आपोआप सुधारला असेल.

११ डिसेंबर
फर्स्ट इयरला स्पंज शिकवत होतो. दरसालचं पाठ वाक्य. काहींचे काटे काचेसारखे असतात, काहींचे चुन्याचे, आणि चुन्याचे काटे ॲसिडात फसफसून विर... इथं थांबलो. पोरं पेन उचलून बसलेली. पोट बिघडलं म्हणून वर्ग सोडला.

१४ डिसेंबर
चूक पुस्तकाची. इतकं महत्त्वाचं वाक्य ठळक छापायला नको?
लॅबमध्ये चिडीचूप. ही शांतता खायला उठते. सहादेव जेवायला गेल्यावर नळापाशी जाऊन उभा राहिलो. सूर्या, टपटप तरी कर रे.
उद्यापासून वहिनींच्या गल्लीतून जायचं नाही. तो रस्ता लांबचा पडतो.

६ जानेवारी १९७३
उद्या वर्षश्राद्ध. वहिनींना खरं सांगायचं, ठरलं. कधी ते ठरवेपर्यंत वहिनीच लॅबमध्ये आल्या. म्हणाल्या, भावजी, यांनी जिवावर उदार होऊन काय आणलं ते मला एकदा बघू द्या. खरं सांगायला तोंड उघडलं आणि रिकामी स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली.
वहिनी बराच वेळ डोळा लावून होत्या. मग एकदम हरखल्या. दिसलं बाई! काळे काळे काटे, वाकडे, बारीक. अन् हलत्यात की हो, जिवंत हाय का काय?
पहिल्यांदा बघणाऱ्याला स्वतःच्याच पापण्या दिसतात. दरसाल पोरं फसतात, मी हसतो.
म्हणालो, हाच तो.
वहिनी तिथंच स्टुलावर बसून रडल्या. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. जाताना म्हणाल्या, चित्र काढून द्या, फोटोशेजारी लावते.

७ जानेवारी, सकाळ
चित्र झालं. वहिनींच्या पापण्या नाजूक, म्हणून बारीक निब घेतली. शास्त्रात अचूकपणा लागतो.